आज काय गंमत केलीत?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बोलतोय आम्ही चौघी. तुम्हाला आवाज एकीचाच ऐकू येईल, कारण माईक एकच आहे आणि बाकीच्या तिघी आपापल्या गावी आहेत. पण बोलणं चौघींचं आहे. फोनवर बसून आम्ही ते मिळून लिहून काढलंय, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ येईल.

आम्ही चौघी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने पुण्यात राहून आलो. परत आल्यावर गावात सगळ्यांनी विचारलं, काय शिकलात? किती पैसे मिळाले? आता नोकरी लागणार का? सगळे प्रश्न बरोबरच होते. पण मजा काय केलीत, असं कुणीही विचारलं नाही. मुलगी शिकायला गेली की तिनं शिकूनच यावं, हसून येऊ नये, असं काहीतरी आपल्या मनात बसलेलं असतं. म्हणून आज आम्ही मजेबद्दलच बोलणार आहोत.

आधी आम्ही गेलो कशाला ते सांगतो. कॉलेजात विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना उन्हाळ्यात एखाद्या संशोधन संस्थेत दोन महिने काम करायला मिळतं. मोठे शास्त्रज्ञ जे काम करतात त्यातला एक लहानसा तुकडा आपल्या हाती देतात. शेवटी त्यावर अहवाल लिहायचा. त्याला इंटर्नशिप म्हणतात. आपल्या भाषेत उमेदवारी म्हणा. बऱ्याच ठिकाणी महिन्याला विद्यावेतनही मिळतं.

आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. एक नंदुरबारची, एक लातूरची, एक वर्ध्याची आणि एक रत्नागिरीची. त्यामुळं नावांनी कुणी हाक मारलीच नाही. अजूनही फोनवर आम्ही ‘ए वर्धा’, ‘काय गं लातूर’ असंच म्हणतो. कामं वेगवेगळी होती. लातूरची मातीतल्या जिवाणूंवर काम करत होती. शेंगवर्गी पिकांच्या मुळांना ज्या गाठी असतात, त्यांच्यात राहून हवेतला नत्र पिकाला देतात ते जिवाणू. रत्नागिरीची गव्हाच्या लोंब्या मोजायची. नंदुरबारची कॉम्प्युटरवर जुन्या पावसाच्या नोंदी लावायची. आणि वर्ध्याची चिलटं मोजायची. हो, पिकल्या केळ्यावर घोंगावतात तीच. त्यांची पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, म्हणून आईबापाकडून पिल्लांत काय उतरतं हे बघायला ती सोयीची पडतात. पण तिच्या काकांनी तिला फोनवर विचारलंच, “चिलटं मोजायला पुण्याला कशाला गेलीस? आपल्या गोठ्यात काय कमी आहेत?”

एका जुन्या इमारतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतलं होतं. अनामत रक्कम चौघींत वाटून घेतली. नंदुरबारच्या आईनं तिच्या वाट्याचे पैसे बचत गटातून कर्जाऊ काढले होते. गटातल्या एका मावशीनं विचारलं होतं, “कशासाठी हवेत?” आई म्हणाली, “लेकीच्या घरासाठी.” सगळ्यांना वाटलं लग्न ठरलं.

पहिले चार-पाच दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मे महिन्याचं ऊन, वरच्या मजल्यावरच्या खोल्या, रात्री भिंतीसुद्धा गरम. संस्थेत सगळे इंग्रजीत बोलायचे, आम्ही मान हलवायचो. खोलीवर येऊन जो तो आपल्या कोपऱ्यात. एके रात्री बघितलं तर दोघी एकाच वेळी रडत होत्या आणि एकमेकींना पत्ता नव्हता.

फोडणी पडली ती भाकरीवरून. पाचव्या दिवशी लातूरनं ज्वारीची भाकरी थापली. रत्नागिरी म्हणाली, “एवढी जाड? आमच्याकडे तांदळाची भाकरी कापडासारखी मऊ असते.” नंदुरबार म्हणाली, “कळण्याची भाकरी खाल्ली नाही त्यानं भाकरीबद्दल बोलूच नये.” वर्ध्यानं डब्यातून जवसाची चटणी काढली आणि म्हणाली, “तुम्ही भांडा, मी खाते.” आणि खरंच, आम्ही भांडेपर्यंत तिनं तीन भाकऱ्या संपवल्या. ते बघून आम्ही हसायला लागलो ते थांबेनाच.

दुसऱ्या दिवसापासून चौघींची घरं एकाच ताटात आली. कॅलेंडरच्या मागं पाळ्या लिहिल्या. स्वयंपाक, भांडी, पाणी, बाजार. जिची पाळी तिच्या गावचं जेवण, नावं ठेवायची नाहीत. रत्नागिरीच्या घरून आंब्याची पेटी आली. ती पलंगाखाली पेंढ्यात ठेवली आणि रोज रात्री आंबे मोजायचो. एक कमी भरला की चौकशी बसायची. चोर दर वेळी वर्धाच असायची.

मैत्रिणींनो, ही मजा का लागते, तेही सांगतो. संशोधनाचं काम बाहेरून मोठं दिसतं, पण त्यात रोज हरायला होतं. लातूरनं आठ दिवस खपून काचेच्या ताटल्यांत जिवाणू वाढवायला ठेवले आणि नवव्या दिवशी सगळ्या ताटल्यांवर बुरशी. पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “असंच असतं, पुन्हा कर.” त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचं तोंड बघवत नव्हतं. रत्नागिरीनं तिच्यासमोर भिजवलेली मटकी ठेवली आणि म्हणाली, “तुझं काही उगवत नाही ना? चल, आपण घरी उगवून बघू.”

त्यातून आमचा सगळ्यात आवडता खेळ निघाला. मोडांची शर्यत. एकीनं मूग घ्यायचे, एकीनं मटकी, एकीनं चवळी, एकीनं हरभरे. प्रत्येकीनं मोजून शंभर दाणे. ओल्या फडक्यात बांधायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि तिसऱ्या दिवशी मोड आलेले दाणे मोजायचे. हरलेली भांडी घासणार. त्यासाठी एक वही केली. तिला नाव दिलं ‘घरची प्रयोगवही’. मटकी पहिली आली. रत्नागिरीच्या चवळीला वास सुटला. वर्ध्याच्या हरभऱ्याला शंभरातल्या जेमतेम चाळिसांना मोड आले. तिनं आरडाओरडा केला, “दुकानदारानं जुने दिले!” आणि ते खरंही होतं. दाणा दिसायला टपोरा, पण आत जीव कमी.

हे ऐकून लातूर एकदम गप्प झाली. मग तिनं आईला फोन लावला. जून लागला होता. त्यांच्या घरी मागच्या वर्षीचं सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवलेलं होतं. ती म्हणाली, “आई, पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून बघ.” तुम्हालाही उपयोग होईल म्हणून रीत सांगतो. गोणपाट भिजवून पिळून घ्यायचं. पोत्यातून वरचे, मधले, खालचे असे मिसळून शंभर दाणे घ्यायचे. दहा-दहाच्या दहा ओळींत गोणपाटावर मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट ठेवायचं, हलक्या हातानं गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले, धडधाकट कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं नेहमीच्या प्रमाणात चालतं. कमी आले तर कृषी विभागात विचारून प्रमाण वाढवायचं, फारच कमी आले तर ते बियाणं पेरायचंच नाही. सोयाबीनचं साल पातळ असतं. पोती आपटली, उंच थप्पी लावली, तरी आतला कोंब दुखावतो.

लातूरच्या आईनं हे एकटीनं केलं नाही, गटातल्या सात जणींना बोलावून केलं. सात घरांच्या सात गुंडाळ्या. तिच्या घरचे बासष्ट निघाले. एका काकूंचे तर निम्मेही नाहीत. ते पेरल्यावर कळलं असतं तर दुबार पेरणी. आमच्या वहीत त्या दिवशी लिहिलंय, “आज लातूरच्या आईनं शर्यत जिंकली. भांडी आम्ही तिघी घासणार.”

रविवारी मात्र आम्ही कामाचं नाव काढायचो नाही. पहाटे वेताळ टेकडी चढायची, मोर ओरडताना ऐकायचे आणि येताना भाजी घ्यायची. एकदा सिंहगडावर गेलो. पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते, पुढं पायवाट. वर पिठलं-भाकरी आणि छोट्या मडक्यातलं दही खाल्लं. पिठल्यावर चौघींनी चार मतं दिली आणि वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, “तुम्हीच या उद्यापासून करायला.”

एका रविवारी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं. तिकीट काढून आत गेलो तर काचेच्या कपाटांत काय? अडकित्ते, दिवे, फणेरपेट्या, सोऱ्या, तांब्या-पितळेची भांडी. वर्धा मोठ्यानं म्हणाली, “हे तर माझ्या आजीच्या माळ्यावर पडलंय!” मग आम्ही पैज लावली, कुणाच्या घरी यातलं जास्त आहे. पाटी न वाचता वस्तू ओळखायची. नंदुरबारनं सगळ्यांना हरवलं. बाजूला शहरातली एक ताई तिच्या मुलाला पाटी वाचून सांगत होती, तर तो मुलगा तिला सोडून आमच्या मागं फिरायला लागला. संस्थेत आम्हाला काहीच येत नाही असं वाटायचं. तिथं पहिल्यांदा वाटलं की आपल्याला बरंच काही येतं.

आता ज्यासाठी हे बोलायला बसलो ते सांगतो.

पहिला पाऊस झाला त्या रात्री आम्ही गच्चीवर गेलो. भिजलो, फुगड्या घातल्या, झिम्मा खेळलो. अकरा वाजून गेले असतील. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी भाड्याच्या कागदावरचा नंबर शोधून लातूरच्या वडिलांना फोन केला. मुली रात्री गच्चीवर दंगा करतात, जोरजोरात हसतात, लोक काय म्हणतील. एवढंच. वडिलांनी लेकीला फोन करून दोनच वाक्यं सांगितली. “तुला शिकायला पाठवलं होतं. रविवारी न्यायला येतो.”

तीन आठवड्यांचं काम शिल्लक होतं. तिसऱ्या वेळी लावलेल्या ताटल्यांत जिवाणू आता कुठं वाढायला लागले होते. ती रडली नाही. तिनं गपचूप बॅग काढली आणि कपडे घड्या करायला बसली. आम्ही तिघी दाराशी उभ्या. कुणाला काय बोलावं कळेना. त्या रात्री जेवताना कुणी हसलं नाही. नंतरही नाही. पाळ्या होत्या तशाच चालू राहिल्या, पण घर पहिल्या पाच दिवसांसारखं झालं. जो तो आपल्या कोपऱ्यात. नंदुरबारनं आकडे चुकवले, रत्नागिरी तापानं पडली. वहीत चार दिवस काहीच लिहिलेलं नाही.

वडील आले नाहीत. पेरणीचा वाफसा झाला होता, रान सोडून येता येईना. त्यांनी वेगळा निरोप दिला. त्यांची आई, म्हणजे लातूरची आजी, माउलींच्या पालखीबरोबर चालत होती. आळंदीहून निघून पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते. आजीनं जाऊन बघावं आणि काय ते सांगावं.

लातूर भवानी पेठेत जाऊन आजीला घेऊन आली. डोक्यावर पदर, पायात झिजलेली चप्पल, हातात पिशवी. आम्ही खोली इतकी लखलखीत केली होती की आमचीच आम्हाला ओळखू येईना. आजीनं पाय धुतले, पाणी प्याली, सगळीकडे नजर फिरवली. कॅलेंडरच्या मागच्या पाळ्या वाचून घेतल्या. मग फडक्यात बांधलेली मटकी उघडून बघितली. “हे काय?” आम्ही वही वाचून दाखवली. शर्यत, चवळीचा वास, आंब्याची चोरी, सगळं. आजी ऐकत होती. सोयाबीनच्या पानावर म्हणाली, “थांब. ते पोत्याचं डोकं इथनं आलं होय?”

मग तिनं विचारलं, “त्या रात्री काय केलंत?” आम्ही खरं ते सांगितलं. भिजलो, फुगड्या घातल्या. “किती वाजता?” अकरा. “खाली कोण राहतं?” खाली एक दादा राहतात, रात्रपाळी करून येतात, कधी लवकर झोपतात. आजी म्हणाली, “मग ते चुकलं. कुणाची झोपमोड करून खेळू नये. जाऊन सांगून या.” आम्ही गेलो, माफी मागितली. ते दादा म्हणाले, “मी तक्रार केली नव्हती, पण साडेनऊनंतर जरा हळू.” घरमालकांनाही जाऊन सांगितलं, साडेनऊनंतर गच्चीवर येणार नाही.

परत आलो तर आजीनं लेकाला फोन लावायला सांगितला. आम्हाला वाटलं आता निकाल. आजी म्हणाली, “अरे, मी किती वर्षं वारी करते?” पलीकडून काहीतरी उत्तर आलं. “वारीत मी काय करते? चालते, भजन म्हणते, आणि बायांबरोबर फुगड्या खेळते. हसून हसून पोट दुखतं माझं. घरी आल्यावर तू माझ्या पाया पडतोस. मी खेळले तर ती भक्ती आणि पोरी खेळल्या तर दंगा, असं कसं रे? कामाला चुकत असतील तर ने घरी. कामाला चुकत नाहीत. मी बघितलंय.” फोन ठेवला आणि म्हणाली, “भाकरी कोण टाकतंय?”

त्या संध्याकाळी आजी आमच्याबरोबर जेवली. कळण्याची भाकरी, जवसाची चटणी, सोलकढी. सोलकढी तिनं पहिल्यांदाच प्यायली. आणि साडेनऊच्या आधी, गच्चीवर, रत्नागिरीच्या हाताला धरून तिनं फुगडी घातली. गुडघे दुखत होते तरी घातली. रात्री ती आमच्यातच झोपली आणि पहाटे दिंडीत जाऊन मिळाली. आम्ही चौघी पोचवायला गेलो. गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही. लातूरनं घरी येऊन बॅगेतले कपडे परत खुंटीला लावले.

तिचा अहवाल पूर्ण झाला. आमचेही झाले. विद्यावेतन हाती आल्यावर नंदुरबारच्या आईनं गटाचे पैसे फेडले. वहीच्या चार प्रती काढून आणल्यात, एकेकीकडे एक.

आयांनो, आता तुम्हाला थोडं सांगायचंय. मुलीला अशा ठिकाणी पाठवताना विचारपूस जरूर करा. खोली बघा, बरोबर कोण राहणार ते विचारा, मार्गदर्शक शिक्षकांचा आणि घरमालकांचा नंबर घ्या. संधी कुठं मिळते तेही विचारा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, वर्षअखेरीला भरावे लागतात. मुलीला कॉलेजातल्या शिक्षकांकडे आत्ताच पाठवा. तक्रार आली तर आधी मुलीला विचारा, मग निकाल द्या. चूक असेल तर ती सुधारता येते. आमची होती, आम्ही सुधारली.

आणि रोज फोन कराल तेव्हा “जेवलीस का, अभ्यास केलास का” याच्या पुढं एक प्रश्न वाढवा. “आज काय गंमत केलीत?” उत्तर आलं तर समजा, लेक तिथं रुजली. उत्तर आलं नाही, किंवा ती गप्प झाली, तर तिकडे काहीतरी बिनसलंय. लगेच जाऊन भेटा. आमची चार दिवसांची कोरी पानं कुणी बघितली असती तर त्यांना ते कळलं असतं.

शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. लातूरच्या आईच्या गटात आता बैठकीचा हिशेब संपला की वही मिटतात आणि उठण्याआधी एक फुगडी घालतात. सुरुवात आजीनंच करून दिली. पंढरपूरहून आल्यावर तिनं गटातल्या बायांना विचारलं होतं, “पोरी खेळतात, मग तुम्ही का नाही?”

आमचं बोलणं इथं संपलं. तुमच्या गटात काय ठरतं ते रेडिओला नक्की कळवा. चौघींकडून सगळ्यांना रामराम.